खाली कुणी नसलेली दोन झाडं

लियों, ४ ऑक्टोबर १९७७

ती. एस्तेरताईस,

एलीचा शि. सा. न. तुझा खुबा आणि तुझा स्वभाव, दोन्ही सध्या कितपत वाकतात ते आधी कळव.

घराला गिऱ्हाईक मिळालं. नांतचे एक दातांचे डॉक्टर आहेत, माणूस सज्जन वाटला. दलाल प्रूव्होने दिलेली जाहिरात कापून पाठवतोय: ‘प्वातूच्या हिरव्या मुलखात भव्य जुनी हवेली. कबुतरखाना, तबेले, पावाची भट्टी, तळं, बाग. शांतता हवी असणाऱ्यांसाठी.’ वाचून मलाच घ्यावंसं वाटलं.

ताई, तुला वाईट वाटणार हे मला कळतं. पण मागचा हिवाळा तू खोल्याखोल्यांत बादल्या मांडून काढलास. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकटीने असं किती दिवस रेटणार? माझ्या पेन्शनमध्ये त्या छपराचा एक कोपराही व्हायचा नाही. घर दोघांच्या नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय काही होणार नाही, हे प्रूव्होला बजावून सांगितलंय.

डॉक्टरांच्या बाईंची एकच कुरकुर आहे. दिवाणखान्याच्या खिडकीतून तळं दिसत नाही, आपली माणसं पुरलेल्या चौकोनातली सायप्रसची झाडं आड येतात. आई-बाबांच्या आणि आपल्या भावाच्या, आबेलच्या झाडाला हात लावायचा प्रश्नच नाही. पण कडेची दोन आहेत ना, त्यांच्याखाली कुणीच नाही. ती काढली तर बाईंना तळं दिसेल. काय म्हणतेस?

प्रकृतीला जप आणि माझ्यावर रागावायचं असेल तर सविस्तर रागाव.

तुझा एली

---

ला कूदर, ८ ऑक्टोबर

चि. एलीस,

अनेक आशीर्वाद. जाहिरात वाचून पोट धरून हसले. तुझा प्रूव्हो वटवाघळं लिहायची विसरला. आणि शांतता म्हणजे कसली रे? रात्रभर माळ्यावरून टपटप ऐकू येते ती? ओदेतलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली की एवढं छान घर शेजारी असून आपल्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही!

हसून झालं आणि मग रडले. लपवत नाही. पण विकायला माझी ना नाही. वरच्या मजल्यावर माझं पाऊल पडून दोन वर्षं झाली. आपलंच घर आपल्याला परकं झालंय, तर ते परक्याला द्यायला काय हरकत आहे?

माझं मागणं एकच आहे. तो सायप्रसचा चौकोन विकायचा नाही. तेवढा तुकडा मोजून वेगळा काढ आणि आपल्या नावावर ठेव. एके काळी गावाने आपल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या माणसाला मेल्यावर जागा दिली नाही, म्हणून आपल्या लोकांनी ती दारातच केली. ना क्रॉस, ना दगड, ना नाव. मला तिथेच जायचंय, एली. जमीन डॉक्टरांची झाली आणि ते नको म्हणाले, तर मेलेल्या बाईचं कोण ऐकणार? चौकोन आपला राहू दे, मग दाखवशील तिथे सही करते.

आणि त्या दोन झाडांना कुणी बोट लावायचं नाही. का, ते तू आलास की सांगेन. आपल्या घरात ती गोष्ट कागदावर उतरवत नाहीत.

सतरा तारखेला मला खुब्याच्या ऑपरेशनसाठी न्योरच्या इस्पितळात नेणार आहेत. गळपट्टा घालत जा.

तुझी एस्तेर

---

लियों, १३ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि प्रूव्होशी फोनवर वाद घातला. उपयोग झाला नाही. चौकोन बरोबर खिडकीसमोर येतो, तो तोडून द्यायला डॉक्टर तयार नाहीत. आहेत ती माणसं तिथेच राहतील आणि आपण केव्हाही भेटायला जाऊ शकू, तो हक्क कायद्याने कायमच आपला आहे. पण यापुढे तिथे कुणाला नवीन पुरायचं नाही, असं बाईंचं ठाम म्हणणं आहे. सकाळी कॉफी पिताना नवी माती बघवणार नाही, म्हणे.

ताई, जरा समजून घे. मेल गावची दफनभूमी जवळच आहे. आता तिथे आपल्या पंथाला कुणी अडवत नाही. तुझ्यासाठी चांगला दगड करीन, त्यावर सुंदर अक्षरात नाव घालीन. हे गिऱ्हाईक गेलं तर छप्पर दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत थांबणार नाही.

झाडांचं म्हणशील तर ते मी प्रूव्होला आधीच सांगून बसलोय. तू इस्पितळात असताना माणूस येईल. करवतीचा आवाज तुझ्या कानावर पडू नये, एवढाच हेतू. खाली कुणी नसलेल्या झाडांसाठी जीव जाळू नकोस.

ऑपरेशन नीट होऊ दे. मी रोज तुझी आठवण काढतो.

एली

---

ला कूदर, २१ ऑक्टोबर

एली महाशय,

नमस्कार घ्या, नाहीतर तसाच ठेवून द्या. मी ओदेत, शेजारची. तुमच्या ताईला चीज आणून देणारी.

एस्तेर इस्पितळात जाताना कोंबड्यांबद्दल काही बोलली नाही, मांजराबद्दल बोलली नाही. झाडांवर लक्ष ठेव म्हणाली. मी म्हटलं, झाडं काय पळून जाणार आहेत? बुधवारी मी बकऱ्यांचं दूध काढत होते आणि करवत ऐकली. धावत गेले तोवर एक आडवं झालं होतं. त्या माणसाला विचारलं की बाबा, कुणी सांगितलं तुला हे? तो म्हणाला की मालकांनी, लियोंहून. मग मी तुमच्याच स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी टाकून बसले. तो म्हणाला, उठा बाई. मी म्हटलं, मालक स्वतः येऊन उठवतील तेव्हा उठेन. अंधार पडेपर्यंत बसले. शेवटी कंटाळून गेला. पुन्हा आला तर खुर्ची तिथेच आहे.

मी कॅथलिक. आमच्यात मृतांच्या दिवशी शेवंतीच्या कुंड्या नेतात. तुमच्यात काय करतात मला माहीत नाही, आणि मी कधी नाक खुपसलं नाही. पण झाड पडलेलं पाहून मला रडू आलं. का, ते विचारू नका.

एस्तेरला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते काम तुमचं.

ओदेत

---

लियों, २५ ऑक्टोबर

ती. ताईस,

शि. सा. न. ऑपरेशन छान झालं असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. जीव भांड्यात पडला.

एक सांगायचंय. कडेच्या दोन झाडांपैकी तळ्याकडचं झाड तोडलं गेलं. दुसरं ओदेतने वाचवलं, वर मला चांगलंच झापलं. ताई, तू नको म्हणाली होतीस. मी थांबायला हवं होतं. तू रागावशील या भीतीने तुझ्यापाठीमागे केलं आणि आता हे पत्र टाकायलाही हात धजत नाही. पण मला अजूनही कळत नाही की त्या झाडांत एवढं काय आहे?

उत्तर लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

एली

---

न्योर, २ नोव्हेंबर

चि. एलीस,

आशीर्वाद.

इथली सूपं पाण्यासारखी आहेत. कोबीत भाज्या भरून आई करायची ते गोळे आठवतात. चार दिवस पत्राला हात लावला नाही, कारण रागाने लिहिलेलं तू जपून ठेवशील अशी मला भीती वाटली.

आता सांगते. आपल्या घरात मूल जन्मलं की बाप त्या चौकोनात एक सायप्रस लावतो. ते त्या मुलाचं झाड. मोठं होऊन, जगून झालं की त्याने तिथे जायचं. बाहेरून आलेल्या सुनेला वेगळं झाड नाही, ती नवऱ्याच्या झाडाखाली. म्हणून आई बाबांजवळ आहे. हे मुलाला सांगत नाहीत. कुणालाही आपली जागा बघत मोठं व्हावं लागू नये, म्हणून. तिशी उलटली की घरातलं वडील माणूस त्याला तिथे नेतं आणि दाखवतं. मला बाबांनी नेलं. तुला बाराव्या वर्षी काकांनी लियोंला नेलं. त्यानंतर तू यायचास तो सुट्टीला, नाहीतर कुणाला पोचवायला. तुला न्यायचं राहून गेलं. पुढच्या उन्हाळ्यात नेऊ म्हणता म्हणता मी म्हातारी झाले.

तू लिहिलंस की त्या दोन झाडांखाली कुणी नाही. खरं आहे. तळ्याकडचं माझं होतं. उरलंय ते तुझं.

ओदेतला काही बोलू नकोस. आणि मेलच्या दगडावर सुंदर अक्षरं नकोत. आपल्यातल्या कुणालाच नाव नाही, मला एकटीला कशाला?

तुझी एस्तेर

---

लियों, २० नोव्हेंबर

ती. ताईस,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो. माफी मागायला शब्द शोधत बसलो असतो तर हे पत्र गेलंच नसतं.

तू घरी यायच्या आत मी ला कूदरला जाऊन आलो. ओदेतची खुर्ची अजून तिथेच होती. दव पडून ओली झालेली. तिच्यावर बसलो, माझ्या झाडाला टेकून. सहासष्ट वर्षांचं झाड, आणि मी त्याला पहिल्यांदा पाठ लावली. माझी कोलेत गेली तेव्हा तिला तिच्या माहेरच्या कबरीत ठेवलं. तिथे आता जागा नाही. माझं काय, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. आपल्याला कुठेच जागा नाही, असंच धरून चाललो होतो. ताई, मी हमसून रडलो.

मग उठून वकिलाकडे गेलो. डॉक्टरांना सांगितलं की चौकोन आणि तिथवरची वाट आमची राहील, पटत असेल तर घ्या. त्यांना पटलं नाही. प्रूव्होने हात जोडले. आता बेल्जियमचं एक तरुण जोडपं आहे, त्यांना तबेल्यात बकऱ्या पाळायच्यात. भाव बराच पाडून मागताहेत, पण चौकोनाला हरकत नाही. ती मुलगी म्हणाली की शेजार शांत आहे हे बरंच. ईस्टरपर्यंत तुला घर सोडावं लागेल. मेलच्या वृद्धाश्रमात बागेकडची खोली ठरवून आलोय. याहून जास्त माझ्याच्याने झालं नाही.

आता एक मागणं. माझं झाड तू घे. आई-बाबांसारखी दोघांची सोय एका झाडाखाली होत असेल, तर मलाही थोडी जागा दे. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन.

तुझा एली

---

ला कूदर, २७ नोव्हेंबर

चि. एलीस,

आशीर्वाद. कागद पाठव, सही करते.

काल ओदेतच्या हाताला धरून खिडकीपाशी उभी राहिले. माझं झाड नाही, त्यामुळे तळं स्वच्छ दिसतं. त्या दातांच्या डॉक्टरांच्या बाई म्हणत होत्या ते काही खोटं नाही, सुंदर दिसतं. मला ते बघवलं नाही. ओदेतने पडदा ओढला. घर सोडायच्या विचाराने रात्री झोप लागत नाही, हेही लिहून टाकते.

तुझ्या मागण्याचा विचार केला. थंडीच्या दिवसांत आई आपल्याला एका पलंगावर निजवायची. तू पांघरूण ओढायचास, लाथा मारायचास आणि सकाळी पुन्हा माझंच नाव सांगायचास. तरी ये. पण घाई करू नकोस, मी आधी जाऊन जागा धरते.

आणि भिंतीकडची बाजू माझी.

तुझी एस्तेर