नुसतं बसायला

मलकापूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय हन्नू,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आम्ही इकडे दोघंही बरे आहोत. तुम्ही दोघं कसे आहात? तुझ्या संजीवनी वहिनीचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती ऐकते थोडीच. अंगणात यंदा मेथी एवढी आली आहे की ती सगळ्या गल्लीत वाटत फिरते. नाताळाआधी चर्चला रंग दिला. फिका पिवळा ठरला होता, रंगाऱ्याने हळदीसारखा करून ठेवला. आठ दिवस सगळ्यांनी नाकं मुरडली, आता सवय झाली.

शनिवारी, माझ्या वाढदिवसाला, तुझा फोन आला. एकदा नाही, तीनदा. साडेपाच वर्षांनी तुझं नाव फोनवर दिसलं आणि मी तो नुसता हातात धरून बसलो. वहिनी बाजारात गेली होती. आल्यावर म्हणाली, "मी लावते ना, मी बोलते." मी मान हलवून नको म्हटलं. तिसऱ्यांदा वाजून तो थांबला तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. म्हणून आधी एवढंच लिहितो : फोन उचलला नाही तो रागाने नाही. तुझ्यावर मी एक दिवसही रागावलेलो नाही.

आता कारण. हे लिहिताना दोन कागद फाडले.

मागच्या उन्हाळ्यापासून माझा आवाज बसला होता. चाळीस वर्षं चर्चमध्ये गायन सांभाळलं, वर शाळेत पोरांवर ओरडलो, म्हटलं घसा थकला असेल. ज्येष्ठमध चघळत राहिलो. शेवटी वहिनीने ओढून अकोल्याला नेलं. घशात गाठ निघाली, वाईट जातीची. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. हन्नू, मला आता बोलता येत नाही. गळ्याच्या बुडाशी एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो. त्यावर वहिनीने शिवलेला मलमलचा तुकडा बांधतो.

घाबरू नकोस. पुढचे उपचार नोव्हेंबरात संपले आणि जानेवारीच्या तपासणीत सगळं स्वच्छ आलं. जेवतो, सायकल चालवतो, शेजारच्या पोरांचे पाढे पाटीवर तपासतो.

तुला मुद्दामच कळवलं नाही. वहिनीलाही बजावलं होतं. उगाच काळजी करेल, असं तिला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. खरं कारण आल्हाद गेला त्या दिवसाचं आहे.

चार दिवसांच्या तापात तुझं नऊ वर्षांचं लेकरू गेलं होतं. मी नाशिकला तुझ्या घरी पोचलो आणि चप्पल काढल्यापासून बोलायलाच लागलो. देवाला आपल्या बागेत सर्वांत सुंदर फूल हवं होतं, असं म्हणालो. चारचौघांत, खणखणीत आवाजात. तू भिंतीला टेकून बसली होतीस, त्याचा एक मोजा मुठीत धरून. तू मान वर न करता म्हणालीस, "दादा, आता तू चूप राह्य." आणि मी काय केलं? गीत सुरू केलं. तुझा विश्वास डळमळतो आहे, सावरायला हवं, असं मला वाटलं. पहिल्या कडव्याला तू उठून आत गेलीस. मी तरी शेवटच्या कडव्यापर्यंत गेलो.

त्यानंतर तू मलकापूरला आली नाहीस.

माझ्या आवाजाचं ऐकून तुला तुझं ते वाक्य आठवेल आणि तू स्वतःला लावून घेशील, याची मला भीती होती. खरं सांगतो, ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं. देवाने बहिणीचं ऐकलं आणि मला चूप केलं. आज तसं वाटत नाही. देव तसा हिशेब चुकता करणारा असता, तर त्याने गोजरबाईला माझ्याकडे धाडलं नसतं.

दवाखान्यात मंडळीतले पुष्कळ जण येऊन गेले. एक म्हणाला, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. दुसरा म्हणाला, आवाज घेतला म्हणजे त्याहून मोठं काही देणार असेल. ती माझीच वाक्यं होती, हन्नू. मीच त्यांना शिकवलेली. मी पाटीवर 'धन्यवाद' लिहायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो. प्रार्थनाही जमत नव्हती. जन्मभर मोठ्याने प्रार्थना करणारा माणूस मी. नुसते ओठ हलवले की वाटायचं, हे कुठे पोचतच नाही.

गोजरबाई तुला आठवते का? रेल्वे फाटकाजवळ भाजी विकणारी, चर्चमध्ये सगळ्यात मागे बसणारी. तिची तरणी लेक बाळंतपणात गेली तेव्हाही मीच बोललो होतो. भरपूर बोललो होतो. ती एका दुपारी एकटीच गाडीने अकोल्याला आली. खाटेजवळ स्टूल ओढलं आणि म्हणाली, "मले काही बोलता येत नाही, गुर्जी. म्या आपली नुसती बसाले आली."

आणि खरंच बसली. पिशवीतून दोन संत्री काढून सोलली. माझ्या नाकात नळी आहे हे तिला उशिरा दिसलं. "आता काय करू?" म्हणत दोन्ही संत्री तिनेच खाल्ली. मग माझ्या पायांवर हात ठेवून संध्याकाळच्या गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहिली. उठताना वर न बघता, कुणा घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "बापा, याच्याजवळ राह्यजो. मी जातो आता, गाडी चुकन."

ती गेली आणि मी रडलो. रडण्यालाही आवाज नव्हता. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की स्टूल रिकामं झालं तरी मी एकटा नाही. कुणी मला समजावत नव्हतं, कसलं उत्तर देत नव्हतं. कुणीतरी फक्त होतं, आणि त्याला माझ्या आवाजाची गरज नव्हती. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल मी बोलत आलो, त्याच्याजवळ मी कधी गप्प बसलोच नव्हतो. आता रोज पहाटे बसतो. काही मागत नाही. उठतो तेव्हा जीव निवलेला असतो.

चर्चमध्ये आता इरा गाते, पोस्टमास्तरांची नात. सूर फार वर लावते. मी तिसऱ्या बाकावर बसून बोटांनी ताल धरतो. परतल्यावरच्या पहिल्या रविवारी सवयीने मीही तोंड उघडलं, तर सगळी हवा गळ्यातून निघाली आणि मलमल फडफडली. वहिनीने ते पाहिलं आणि तिला हसू आवरेना. मग मलाही. स्तुतीच्या वेळी आम्ही दोघं म्हातारे खांदे हलवत हसत होतो. मी सुखात आहे, हन्नू. हे धीर देण्यासाठी लिहीत नाही.

तुला धीर देण्याचा अधिकार मी त्या दिवशीच घालवला. त्याची माफी मागतो. आल्हादला देवाने का नेलं, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखा बोललो, कारण तुझ्याकडे नुसतं बघत राहणं मला सहन होत नव्हतं.

८ मार्चला तो पंधरा वर्षांचा झाला असता. त्या दिवशी तू कबरीवर जातेस, असं वहिनीला कुणाकडून तरी कळलं. आम्ही दोघांनी यावं का? तू नको म्हणालीस तर येणार नाही, आणि तुझ्यावरचा जीव त्याने कमी होणार नाही. हो म्हणालीस तर मी काही समजावायला येत नाही. वहिनी आणि तू हवं ते बोला, नाहीतर बोलू नका. मी तुझ्या बाजूला बसेन.

बसू देशील ना?

तुझाच,
दादा