काळ्या पट्टीवर अंगठा

बाई, तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात लई भांडले, पण कागदावर कधी आले नव्हते. आज लिहितेय, कारण जिवंत माणसाला हे सांगायची सोय नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. सोलापूरच्या उन्हानं शाळेच्या पियानोचं लाकूड तडकू नये म्हणून तुम्ही त्याच्या पोटात पाण्याचं भांडं ठेवायचात. दुपारी शाळा चालवणाऱ्या मिशनच्या मडमबाई झोपल्या की तो उघडायची बंदी, मग माझा सराव तुमच्याकडं. तुम्ही भाकरी थापताय, मी शेजारी फळीवर बोटं चालवतेय, आणि दुसऱ्या पानावरच्या त्या सुरांच्या चढणीला माझा हात दरवेळी अडकतोय. पुस्तकात प्रत्येक सुरावर बोटाचा आकडा छापलेला, अंगठ्याला एक, करंगळीला पाच, आणि मी तो शास्त्रवचनासारखा पाळतेय. तुम्ही पिठाच्या हातानं माझं मनगट धरलंत. "अगं बये, ते आकडे घालणाऱ्याचा पंजा केवढा असेल! तुझा हात बघ की, चिमणीएवढा. काळ्या पट्टीवर अंगठा घे." मी म्हटलं, मडमबाई म्हणतात काळीवर अंगठा न्यायचा नाही. "त्यांना नाही न्यावा लागत, तुला लागतो. हाताला सोसेल ते बोट घे. पण सूर सोडलास तर धपाटा खाशील." पुढच्याच शनिवारी खाल्ला, पाठीत, पिठासकट. ती चढण वाजवून दाखवली म्हणूनच पुढं मला शाळेत तुमची पियानो शिकवायची जागा मिळाली. आता तुमच्या स्टुलावर मी बसते, आणि राहायला तुमचीच खोली आहे.

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालीत. आधी थंडीनं वाटलं. मग एकदा तव्याला हात लागला आणि ते मला वासावरून कळलं, बाई, वासावरून! सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. "टाचणी कुठं टोचतेय सांगा." मी गप्प, मला वाटलं त्यांनी अजून सुरुवातच केली नाही. "महारोगाची शंका आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पुन्हा या, खात्री करू. पण मग शाळेला कळवावं लागेल." मी पुन्हा गेलेच नाही. शाळा गेली की खोली गेली. भावाच्या दारात उभी राहिले तर वहिनी पोरांना आत घेईल. कुठं जाऊ, सांगा की! तुम्ही शिकवलेली प्रार्थना करायला बसते आणि मधेच देवावर ओरडावंसं वाटतं.

मग तुमचंच ऐकलं. पेन्सिल घेऊन बसले आणि उजव्या हाताचं सगळं वाजवणं तीन बोटांवर आणलं. उपासनेची गीतं, मुलींचे धडे, ती चढणसुद्धा. अंगठा काळीवर, मधलं बोट त्याच्यावरून पुढं, पुन्हा अंगठा. एक सूर सोडला नाही. मडमबाई म्हणाल्या, "हल्ली तुम्ही फार छान वाजवता." खोलीत येऊन तोंडात पदर कोंबून रडले. तुम्ही असता तर दारातूनच ओळखलं असतं आणि मला फरफटत दवाखान्यात नेलं असतं. इतक्या लवकर जायची काय घाई होती हो तुम्हाला?

हा कागद चुलीत जाईल, तो शब्द लिहिलेला घरात ठेवायची माझी छाती नाही. म्हणून एवढंही लिहूनच टाकते. वर्गात गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, लेक आहे, फार हुशार, माझ्या मांडीला मांडी लावून बसते आणि बघून बघून शिकते. काल बघते तर तिनं शेवटची दोन बोटं तळहाताशी आखडून घेतलेली, तिची चांगली धडधाकट बोटं, आणि उरलेल्या तिन्हींवरच वाजवतेय. "असं का गं?" म्हटलं.

"तुमी तसंच वाजवता की, बाई."

मी "बरं" म्हटलं आणि पान उलटलं.