उद्या कर आहे

१५ जून, सोमवार. सकाळी ६.१०
एम.कॉम.चे दुसरे वर्ष आजपासून सुरू. आता विशेषीकरण निवडायचे. चार गट आहेत: करआकारणी, लेखा, वित्त आणि सहकार. पहिल्या तिहींसाठी तोंडी परीक्षा. चौथ्यासाठी काही नाही. उरलेल्यांना तिकडे ढकलतात.
माझा निर्णय पक्का आहे. करआकारणी. जागा वीस, प्रत्यक्षात एकोणीस, कारण एक माझीच.
दहावी, बारावी, बी.कॉम., तिन्ही वेळा मी पहिली आणि तिन्ही वेळा मराठी माध्यमातून. तोंडी परीक्षेला घाबरण्याचे कारण नाही. घाबरलेलेही नाही.
संकल्प: रोज अर्धा तास आरशासमोर मोठ्याने बोलणे.

१६ जून
आरसा मोकळा नव्हता.
आप्पांना निर्णय सांगितला. त्यांचे गुळाचे दुकान असल्यामुळे दृष्टी मर्यादित आहे. म्हणाले, टॅक्स भरायचा शिकायला कॉलेज कशाला पायजे, तो आपसूक जातोयच की. वाचवायचा कसा ते शिक. आई, म्हणजे आमची अव्वा, म्हणाली, काय बी शिक बाई, पण तिथं तोंड उघडून बोल म्हंजे झालं.
उत्तर देण्याच्या पात्रतेचे काही वाटले नाही, म्हणून दिले नाही.

१८ जून
वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. ‘सुचना’ असे ऱ्हस्व लिहिणाऱ्यांच्या सूचना मला नकोत. महत्त्वाचे काही असेल तर सदफ कळवेल.
सदफ वर्गात माझ्या शेजारी बसते. म्हणजे ती बसते. मी हरकत घेतलेली नाही. मैत्रीण हा शब्द मी जपून वापरते.

२० जून
सदफलाही करआकारणीच हवी आहे! बी.कॉम.ला जेमतेम पंचावन्न टक्के, आणि आत्मविश्वास पाहा. दिवसभर बोलत असते. शिपायाशी, कॅन्टीनवाल्याशी, कोणाशीही. आज तर विभागप्रमुख निशिगंधा मॅडमना जिन्यात थांबवून म्हणाली, मॅडम, साडी झ्याक हाय की. मॅडम चक्क हसल्या. त्यांच्याविषयीचा माझा आदर थोडा कमी करावा लागला.
शिवाय तोंडात सारखे टॅक्सेशन, टॅक्सेशन. मी तिला समजावले की मराठीत इतका सुटसुटीत शब्द असताना ही उसनवारी शोभत नाही. यापुढे माझ्याशी बोलताना ‘कर’च म्हणायचे. ती म्हणाली, बरं बाई, कर तर कर, पण आमच्याकडं कर म्हटलं की मटणच डोळ्यापुढं येतंय.
तिच्या मामांकडे हातकणंगल्याजवळ बैलजोडी आहे. बेंदराला बैल सजवायचे आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, तांबडा रस्सा ओरपायचा, एवढाच त्या लोकांचा कराशी संबंध. वर म्हणते, यंदा करीला तुला बोलवते की.
अशा उमेदवाराशी स्पर्धा करावी लागणे हाच अपमान.

२४ जून
तोंडी परीक्षेचे स्वरूप विचारण्यासाठी मॅडमच्या दालनापर्यंत गेले. त्या कामात होत्या. म्हणजे एकट्याच चहा पीत होत्या, परंतु चहा हेही एक कामच आहे. परत आले.
सदफ तशीच आत घुसली आणि विचारून आली. म्हणे, कायसुदिक न्हाय, नुसत्या गप्पा मारत्यात. गप्पा! विद्यापीठीय निवडीचा हा दर्जा.
मी नऊ पानांचे निवेदन लिहिले आहे. चाणक्यापासून जीएसटीपर्यंत.

२७ जून
आरसा मोकळा मिळाला. आरशातली मुलगी सारखी माझ्याकडेच बघत होती, त्यामुळे पहिल्या पानावरच अडखळले. डोळे मिटल्यावर मात्र उत्तम जमले. परीक्षकांनीही डोळे मिटून घेतले तर प्रश्नच मिटला.

२९ जून, सोमवार. बेंदूर
गल्लीत सकाळपासून हलगी. कॉलेजला गेले नाही. बैलांची शिंगे रंगवण्यात ज्यांना आनंद वाटतो त्यांना वाटो.
संध्याकाळी सदफचा निरोप: उद्या कर आहे. दहाला ये. माझ्याशेजारी जागा धरते.
‘आहे’ शुद्ध लिहिले आहे. माझ्या सहवासाचे फळ. पण मी, लिंगायत घरातली मुलगी, हिच्या मामांच्या पंगतीला बसणार, तेही सकाळी दहाला?
मोजके उत्तर दिले: आमच्यात कर चालत नाही.
तिने विचारले, घरातनं नको म्हणत्यात?
मी लिहिले, अर्थात. पिढ्यान्‌पिढ्या.
तिने रडकी तोंडे पाठवली आणि लिहिले, बरं, मी सांगते मग तुझं तिथं. मामांना सांगणार असेल. सांगो.

३० जून
करीच्या दिवशी चांगल्या कामाला बाहेर पडू नये, असे अव्वाचे मत. निव्वळ अंधश्रद्धा. तथापि मला कुठे जायचेच नव्हते, त्यामुळे आईचे मनही राखले गेले.
नऊही पाने अस्खलित म्हणाले. आता फक्त परीक्षेची तारीख कळायची आहे.

१ जुलै
वर्गात सगळे करगटाच्या तोंडी परीक्षेविषयी बोलत होते. भूतकाळात.
सदफ म्हणाली, अगं, कालच झाली की! तुला मेसेज टाकलता की, उद्या कर आहे म्हणून. टॅक्सेशन म्हणायचं न्हाय म्हणून तूच दम दिलतास. आणि तूच म्हणालीस, घरात चालत न्हाय. मी तसं मॅडमना सांगितलं. लई हळहळल्या बघ.
तिची निवड झाली. हा विषय का घेतेस, असे विचारले तर म्हणे तिने सांगितले, अब्बांच्या बेकरीला नोटीस आलती, घरात कुणालाच वाचता येईना, म्हणून. एवढ्यावर! चाणक्याचा उल्लेखसुद्धा नाही.
चूक संपूर्णपणे तिची आहे. ‘करगटाची तोंडी परीक्षा’ असे लिहायला किती वेळ लागतो? भाषेतला आळस शेवटी दुसऱ्याला भोवतो.

२ जुलै
सदफने मनगट धरून मला मॅडमच्या दालनात नेले. मॅडम म्हणाल्या, एक जागा अजून अडवून ठेवली आहे. घरून खरंच विरोध आहे का गं? नाही म्हण, जागा तुझी.
म्हणजे एकच शब्द. परंतु तो संदिग्ध होता. नाही म्हणजे विरोध नाही, की नाही म्हणजे परवानगी नाही? मी मनात वाक्यरचना करू लागले. सदफ कोपराने ढोसत होती, बोल की, अगं बोल की. वाक्य जवळजवळ तयार झाले होते, तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, राहू दे बाळ. घरच्यांना दुखवू नकोस.
मी मान हलवली. विनयाने.
बाहेर आल्यावर सदफ रडू लागली. जागा माझी गेली होती, रडत ती होती. या मुलीला कशाचेच तारतम्य नाही.

३ जुलै
विचारान्ती असे दिसते की करआकारणी हा मुळात उथळ विषय आहे. दर अर्थसंकल्पाला बदलतो. विद्वानाने शाश्वताकडे वळावे. सहकार हा गट मी घेतला. मिळाला असे म्हणणाऱ्यांनी म्हणावे.

६ जुलै, सोमवार
सहकाराचा पहिला तास. सरांनी आल्याआल्या विचारले, हा गट आवडीनं कुणी घेतलाय काय रे? वर्ग खो खो हसला. मी हात वर केला. आयुष्यात प्रथमच, आणि एकटीने.
सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, शाब्बास! ऊठ पोरी, ह्या येड्यांना जरा सांग बघू, का घेतलास ते.
तास संपेपर्यंत उभी होते.