नारळ पुलावर फोडला

७ मार्च, शनि.
किल्ल्या मिळाल्या. सिंगापुरात बुओना व्हिस्टाचा कॉन्डो, स्वतःचा. सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर: "आधी नारळ फोड, मगच आत पाऊल टाक." दारातल्या टाइल्स कोऱ्या करकरीत. तडा गेला तर? म्हणून ईराला घेऊन खाली बागेत गेले. कुण्या गोऱ्या साहेबाच्या इस्टेटीतली ही बाग. बंगला पाडला, तळं नि त्यावरचा दगडी पूल तेवढा राखलाय. ईरा म्हणाली, "आई, कॅनॉट लाह. बोर्ड आहे." म्हटलं, दगडाला काय होतंय?

पहिल्या घावाला फुटला नाही. दुसरा जोरात घातला. नारळ फुटला, आणि कठड्यावरचं कोरलेलं पानसुद्धा. टवका उचलून तळ्यात टाकला. पोरीच्या देखत.

८ मार्च
रहिवाशांच्या ग्रुपवर पुलाचा फोटो. मॅनेजर म्हणतो, माळ्याच्या गवत कापायच्या मशीनचा धक्का लागला असणार. सगळे हळहळले. मीही लिहिलं, "सो सॅड." चोर तो चोर, वर शिरजोर.

१० मार्च
माळी म्हणजे रहीम अंकल. साठीच्या पुढचे, कॉन्डो बांधायच्या आधीपासून ही बाग बघतात. कंत्राटदार त्यांना महिनाअखेर काढतोय. निखिलला सांगितलं. नवरा म्हणून काही मदत? "काल राहायला आलो आपण. कशाला हात दाखवून अवलक्षण?" मला ते पटलं. पटलं याचीच लाज वाटतेय. सासूबाईंना काहीच बोलले नाही. त्या विचारत होत्या, नारळ चांगला निघाला ना?

१३ मार्च
ऑफिसला उशीर झाला तरी तळ्याकडून गेले. रहीम अंकल शेवाळ काढत होते. म्हटलं, अंकल, ते पान... त्यांनीच सोडवलं. "आय नो, मॅम. आय वॉज देअर, बिहाइंड द बांबू."
मग सांगितलं का नाही?
"युअर डॉटर स्टँडिंग देअर. हाऊ टु स्कोल्ड मदर?"
आणि नंतर? मॅनेजरला?
"ही नेव्हर आस्क. ही ओन्ली टेल."
पुन्हा शेवाळ काढायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते मी. आज एकही सापडली नाही.

१५ मार्च
ईरा जेवताना: "आर यू गोइंग टु टेल?" मी म्हटलं, भाजी संपव.

१६ मार्च, सोम.
गेले एकदाची. मॅनेजरला सगळं सांगितलं, नारळासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, रिपोर्ट गेलाय, दुरुस्तीचा खर्च बागेच्या कंत्राटदाराच्या नावावर लागलाय. आता बदलायचं म्हणजे पुन्हा चौकशी, तुमचं नाव, दंड. "मॅम, यू जस्ट मूव्ह्ड इन. लीव्ह इट लाह. अंकल अल्सो ओल्ड ऑलरेडी, गुड टु रेस्ट."

मी काय म्हणायला हवं होतं ते इथे पानभर लिहू शकेन. रिपोर्ट परत मागवा, माझं नाव घाला, त्या माणसाला काढू नका. म्हणाले काय, तर "ओके, थँक यू."

थँक यू म्हणाले मी. वर लिफ्टमध्ये हायसंसुद्धा वाटलं.

महिना संपायला पंधरा दिवस आहेत.