काकांची गाडी अजून तयार नाही

कसबा पेठ, पुणे

तीर्थस्वरूप जयसिंगकाकांना उत्तरेश्वराचा साष्टांग नमस्कार.

तब्येत बरी आहे ना, असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. ती बरी नाही हे तुम्हाला, मला आणि डॉक्टरांना ठाऊक आहे. परवा डॉक्टर तनुजाला जिन्यात बाजूला घेऊन जे हळूच बोलले, ते तुम्ही आतल्या खोलीत पडल्यापडल्या ऐकलंत असंही तिने सांगितलं. (मी फोनवर घसा फोडला तरी ऐकू येत नाही, डॉक्टर कुजबुजले की येतं. असे कान कुठे मिळतात?) डोळ्यांनी तुम्हाला वाचवत नाही, म्हणून हे पत्र तुमची लेकच वाचून दाखवेल. तनुजा, सावकाश वाच आणि मधली वाक्यं गाळू नकोस.

तुम्ही रोज विचारता, गाडी झाली का. नाही झाली. का नाही झाली ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला शिव्या देताना नेमकेपणा राहील.

मंडळाची शववाहिका तुम्ही उभी केलीत आणि उमेदीची सगळी वर्षं चालवलीत. हॉर्न वाजवायचा नाही, कुणाला ओव्हरटेक करायचं नाही, रडणाऱ्यांच्या चालीने चालायचं, हे तुमचे नियम. काकी गेल्या तेव्हाही स्टिअरिंग तुम्ही कुणाच्या हातात दिलं नाहीत. मी शेजारी बसलो होतो आणि तुमच्याकडे बघायची माझी छाती झाली नव्हती. त्याच गाडीबद्दल तुम्ही या दिवाळीत, फराळाचं ताट पुढ्यात असताना जाहीर केलंत की माझ्या वेळी माझीच गाडी, दुसरी कुठली आणलीत तर उठून बसेन. (आमच्या हिच्या, म्हणजे नम्रताच्या, हातून चकल्यांचा डबा पडला. त्या चकल्या आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत चमच्याने खाल्ल्या.) पण गाडीची अवस्था तुम्हाला कुणी सांगितली नव्हती. त्याच्या थोडंच आधी, मी चालवत असताना, ती पुलाच्या चढावर दमून उभी राहिली आणि नातेवाइकांनी खाली उतरून ढकलली. मागून चालणारे एक आजोबा म्हणाले, "जिवंतपणी एकाने हात लावला नाही, आता बघा कसे झटतायत." मला एकदम तुमचं वजन आठवलं. (आजारात उतरलंय म्हणतात, पण मूळ भांडवल दांडगं आहे.) तुम्हाला असं ढकलत न्यायची वेळ आली असती तर मला जन्मभर तोंड वर करता आलं नसतं.

म्हणून टर्बो. ही कल्पना येरवड्याच्या साईनाथची, त्याचं गॅरेज आहे आणि भंगारातल्या एका गाडीचा चांगला टर्बो त्याच्याकडे पडून होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवेला जादा डिझेल लागतं, आणि डिझेल मोजून देणारा तो पंप, तेव्हा पंप खोलणं आलं. साईनाथ म्हणाला, हे काम पंपवाल्याकडे द्या. मी म्हणालो, कारखान्यात हयात गेली माझी, पंप खोलता येत नाही होय! (मी पॅकिंग खात्यात होतो हे त्याला माहीत नव्हतं. आता आहे.)

पहिल्याच खेपेला गाडीने असा काळा धूर सोडला की पांढऱ्या कपड्यांत आलेली मंडळी करडी होऊन परतली. डिझेल वाढवायचा स्क्रू जास्त फिरला होता, तो मागे घेतला. धूर गेला आणि दुसरा आजार सुरू झाला. उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, गळा काढल्यासारखा. एका घरच्या सूनबाईंनी डोळे पुसत विचारलं, "अहो, ती रडण्याची टेप बंद कराल का? आम्ही आहोत ना." फिल्टर बदलला, पाइपांतली हवा काढली, टर्बोकडून पंपाकडे जाणारी नळी फुंकून पाहिली, टायमिंग पुन्हा लावलं. साईनाथ दर वेळी "आता झालं बघा" म्हणायचा आणि दर वेळी ते होत नसे.

मग शेजारच्या गल्लीतले नागोराव गेले. हा माणूस आयुष्यात कुठे वेळेवर पोहोचला नाही. चौकापर्यंत मंडळी पायी येणार होती, थोरला मुलगा मडकं धरून पुढे, मागे आमची गाडी. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी गाडी वेग घ्यायला लागली. क्लच दाबला की इंजिन किंचाळायचं, सोडला की गाडी पळायची. मुलगा वळून बघत भरभर चालू लागला, मग मडक्यासकट धावू लागला. त्याच्या मागे सगळे काका-मामा. नागोराव प्रथमच वेळेआधी पोहोचले, तेही थेट स्मशानात. तिथे इंजिन बंद करायची तार ओढली तर ती तुटून हातात आली आणि इंजिन चालूच. शेवटी अंगातला शर्ट काढून इंजिन हवा ओढतं त्या तोंडात कोंबला, तेव्हा कुठे त्याचा जीव गेला. मी उघडा उभा. गुरुजींनी मला घरातलाच समजून "या, पुढे या" म्हणून हाक मारली. नागोरावांच्या मुलाने निघताना मला नुसते हात जोडले. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, काका. तुम्ही रडणाऱ्यांच्या चालीने चालवलेली गाडी मी रडणाऱ्यांच्या अंगावर घातली. मला लाज वाटली, अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी पंप उतरवून नाना पेठेत पंपवाल्यांकडे नेला. दुकानात पाटी आहे : 'पंप स्वतः खोलून पाहिला असल्यास आधी सांगावे. नंतर आम्हाला कळतेच.' मी आधी सांगितलं. डिझेल कमीजास्त करणारी एक पट्टी पंपाच्या आत मागेपुढे सरकत असते, रॅक म्हणतात तिला. ती बोटाने हलायला हवी, ती जागची हलेना. पंपाच्या डोक्यावरचे चार नट मी इतके आवळले होते की त्यांच्याखालच्या नळ्या पिचून रॅक अडकत होती, आणि 'जास्त'वर अडकली की गाडी उधळत होती. "इतकं कशासाठी आवळलंत?" त्यांनी विचारलं. गळू नये म्हणून, म्हणालो. पान्याला पाइप लावून आवळत होतो, तेव्हा डोक्यात एकच होतं, की मागे तुम्ही असाल. आमच्या घरातले नळ आणि बरण्याही माझ्यानंतर कुणाला उघडत नाहीत.

तर पंप अजून तिथेच आहे. एक सुटा भाग मिळत नाही आणि कधी मिळेल ते दुकानदार सांगत नाही. तुम्ही दुसऱ्या गाडीत बसणार नाही म्हणालात, आणि तुम्ही शब्दाचे पक्के. तेव्हा थांबणं आलं. पेज घेत जा, आणि गोळ्या उशीखाली लपवू नका, तनुजाला सापडल्यात.

तुमचा,
उत्तऱ्या

ता. क. : सोबत लिंबाचं लोणचं पाठवतोय. झाकण नम्रताने लावलं आहे, उघडेल.

पुन्हा ता. क. : तनुजा, हे मोठ्याने वाचू नकोस. पंप गेल्या आठवड्यातच आला, मी तो साईनाथकडून बसवून घेतला, पान्याला हातही लावला नाही. गाडी एका सेल्फला सुरू होते आणि पाहिजे तितकी हळू चालते. पण काकांना सांगू नकोस. ते गाडीसाठी थांबलेत असं मला वाटतं. विचारलं की सांग, अजून खोललेलीच आहे. मला ते हवे आहेत गं, अजून थोडे दिवस तरी.

शेवटचा ता. क. : काका, वरचं तिने वाचलंच असणार. ती मध्येच गप्प झाली असेल आणि तुम्ही "थांबलीस का?" म्हणून खेकसला असाल. असो. गाडी तयार आहे. रविवारी सकाळी कर्वेनगरला तुम्हाला न्यायला येतो, पुलाच्या चढावर ती कशी जाते ते स्वतः बघा आणि नावं ठेवा. (सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर लोक हार घेऊन खाली येतील.) पुढे बसायचं, माझ्या शेजारी. मागे रंग दिलाय, तो ओला आहे. वाळला की मी पुन्हा देणार आहे.