रवीची खाच

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड.

सुमे, आजी बोलते तसंच लिही. मधे तुझं कॉलेजचं शहाणपण घालू नको.

तुझा बाप लेथवर आंब्याच्या फिकट लाकडाचा, बारीक गळ्याचा पोकळ गडू कातून राहिला होता. गडूच्या गळ्याला काळं कडं पाहिजे म्हणला, म्हणून मी ताक घुसळायची माझी शिसवी रवी दिली. दिली खरी, पण जीव खाचेत अडकला. दोरी फिरून फिरून पडलेली खाच. आधी सासूनं घुसळलं, मग मी.

त्यानं नेमका खाचेचाच तुकडा कापला, आतून पोखरला. कडं बसवलं अन् म्हणतो, "आई, ही खाच घासून सपाट करतो. चांगलं दिसंल."

"मग माझं तोंड बी घास," मी म्हणलं. "तिथं तर लई खाचा हायेत."

हसला. पण लेथ बंद केली.

आता गडू मांडीवर हाय. खाचेत बोट ठेवलं की आपसूक गोल फिरतं. सासूचा हात कुठं संपला, माझा कुठून सुरू झाला, कळत न्हाई. डोळे मिटले की ताकाचा वास येतो. खरंच येतो, का मलाच वाटतंय?

सुमे, पेन ठेव. तुझं बोट आण इकडं.