उजवा पाय

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने नट, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तरुणपणी तो कोणीच दिला नसता. याआधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

१. माझी सुतारकामाची पेटी सुधारगृहाच्या कार्यशाळेला द्यावी. दुकान फोडल्याबद्दल पंधराव्या वर्षी मी तिथे होतो. सुतार-मास्तरांनी रंधा धरायला शिकवले. वार्षिक नाटकातला मुलगा आयत्या वेळी आजारी पडला, तेव्हा "खोटं तर रोजच बोलतोस, आज जरा मोठ्यानं बोल," म्हणत त्यांनीच मला रंगमंचावर ढकलले. पेटीतली पटाशी त्यांची आहे. निघताना मी ती चोरली होती.

२. माझ्या पहिल्या निर्मात्याला शोकसभेत बोलू देऊ नये. आपणच मला घडवले असे तो सांगत फिरतो. त्याने मला दिवसभर उन्हात उभे केले होते, याहून अधिक काही नाही.

३. हे राहते घर धाकट्या भावाला द्यावे. याचे कारण लिहिणे मला भाग आहे. सुधारगृहाच्या आदल्या वर्षी चोरीसाठी मी त्याला गोदामाच्या भिंतीवर चढवले आणि मागोमाग चढलो. तो अकरा वर्षांचा होता. वर गेल्यावर घाबरून रडू लागला. कोणी ऐकेल म्हणून मी त्याला ढकलले. त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. घरी मी सांगितले, तोल गेला. त्यानेही तेच सांगितले, आणि आजवर शब्द फिरवला नाही.

बत्तिसाव्या वर्षी मला लंगड्या पोस्टमनची भूमिका मिळाली. चाल शोधायला लांब जावे लागले नाही. आरशातला माणूस हुबेहूब भाऊ दिसेपर्यंत महिनाभर तालीम केली. प्रत्येक शॉटमध्ये लंगडणे सारखेच राहावे म्हणून बुटात खडा ठेवत असे. त्या चित्रपटाने मला नाव दिले, हे घर दिले. पहिल्या खेळाला मी भावाला शेजारी बसवले. बाहेर पडताना तो एवढेच म्हणाला, "दादा, माझा उजवा आहे."

आरशात डावे-उजवे उलटते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पाय मी मोडला आणि कोणता ते विसरलो. त्यानंतर एकोणचाळीस वर्षे तो माझ्या दारी आला नाही. मला त्या विसरण्याची लाज वाटते.

३-अ. वरील कलम ऐकायला वकिलांनी आज भावाला बोलावले. तो आला. सगळे ऐकून म्हणाला, "घर नको. बारा पायऱ्या आहेत तुझ्या." मग वकिलांना विचारले, "साक्षीदार कोण?" वकील म्हणाले, "डॉक्टर आहेत, अजून एक हवा. पण साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही, तुम्ही सही करू नका."

"मग मीच करतो," भाऊ म्हणाला. "भिंतीवर तेव्हा आम्ही दोघंच होतो."

मी खूप विनवले. त्याने ऐकले नाही. सबब घर त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला द्यावे. तिने पायऱ्यांना कठडा बसवावा.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. मंगळवार, सकाळी अकरा. तारीख वकिलांनी शिक्क्याखाली घातली आहे.

सही: लिहून ठेवणार

आमच्यासमोर सही झाली:

साक्षीदार १: डॉक्टर

साक्षीदार २: धाकटा भाऊ. (स्वहस्ते) कलम तीन वाचलं. ढकललं हे खरं. पाय उजवा. आता दादाला ठाऊक आहे.